चौथं नाव

मला राग आला की मी गच्चीवर जाऊन चेंडू मारते. पेणकरपाड्यातल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर, पाण्याच्या दोन टाक्यांच्या मधे, मी एक जाळं बांधलंय. मासेमारीचंच जाळं, निळं, नायलॉनचं. राईला, म्हणजे माझ्या खाडीकाठच्या माहेरगावी, राहणाऱ्या आत्याने दिलेलं. त्याच्यासमोर खोट्या हिरवळीचा एक तुकडा अंथरते, त्यावर गोल्फचा चेंडू ठेवते आणि सात नंबरच्या आयर्नने, म्हणजे लोखंडी डोक्याच्या काठीने, जाळ्यात मारते. चेंडू जाळ्यावर आदळतो, खाली पडतो, घरंगळत माझ्याकडे येतो. पुन्हा मारते.

सोसायटीच्या चेअरमनना हे पसंत नव्हतं. ते एकदा वर आले आणि म्हणाले, "मॅडम, टेरेस पे गेम अलाउड नहीं है." मी त्यांना हिंदीतच सांगितलं की पापड वाळवणं अलाउड आहे, नवरात्राआधी दांडियाची प्रॅक्टिस अलाउड आहे, तुमच्या जावयाचा पतंग अलाउड आहे, मग हेही आहे. नसेल तर जनरल बॉडीत विषय घ्या, मी उत्तर देते. त्यांनी विषय घेतला नाही. इमारतीत म्हणतात की ही बाई तोंडाने फटकळ आहे. आहे मी. तीस वर्षं ऑफिसात तशी नव्हते, ती कसर आता भरून काढतेय.

राईच्या बाईला गोल्फ कसा काय, असं लोक मला विचारतात. विचारतात म्हणजे आधी हसतात, मग विचारतात. तर सांगते. माझे वडील पावसाळ्यात भात लावायचे आणि उरलेलं वर्ष खाडीत जायचे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. बी.एस्सी. केमिस्ट्री, फर्स्ट क्लास. सरकारी तेल कंपनीत केमिस्ट म्हणून लागले आणि पहिलं पोस्टिंग मिळालं ते आसामात. तिथे कंपनीची वसाहत होती, वसाहतीत ऑफिसर्स क्लब होता आणि क्लबच्या मागे नऊ होलचं गोल्फचं मैदान होतं. शनिवारी पुरुष गोल्फ खेळायचे आणि बायका आत पंख्याखाली तंबोला.

मी सभासद व्हायला गेले तेव्हा क्लबच्या क्लार्कने पेन उघडलं आणि साहेबांचं नाव काय लिहू म्हणून विचारलं. माझं तेव्हा लग्नही झालं नव्हतं. मी म्हटलं, साहेब मीच आहे, माझं लिहा. त्याने आत जाऊन कुणाला तरी विचारलं, मग लिहिलं. एखाद्या क्लबाने माझं नाव माझ्या बळावर लिहून घेतल्याची ती पहिली वेळ. पुढे बदल्या झाल्या, लग्न झालं, मुंबईला आले, मिरा रोडला घर घेतलं, निवृत्त झाले. पण त्या क्लबाची बाहेरगावची सभासद म्हणून मी नाव चालूच ठेवलं. दरवर्षी वर्गणी पाठवते. नवरा म्हणतो, तिथे परत कोण जाणार आहे. तिथे जाण्यासाठी ते नाव ठेवलेलंच नाही.

त्या क्लबात मी तीन पुरुषांबरोबर खेळायला लागले. एक आमच्या लॅबचे प्रमुख. ते पुढे जनरल मॅनेजर झाले, आता पुण्याला असतात. त्यांना आम्ही सगळे अजून साहेबच म्हणतो. दुसरा मेंटेनन्समधला, आता ठाण्याला राहतो. तो आणि मी एकाच दिवशी नोकरीला लागलो, म्हणून आमचं अरे-तुरेचं नातं. तिसरे अकाउंट्सचे, अतिशय भला माणूस, कशालाही 'चालेल' म्हणणारे. गोल्फला एका वेळी चौघंच एकत्र निघतात, पाचवा नाही. आम्ही चौघं दर शनिवारी निघायचो. पहिलं वर्षभर तंबोलावाल्या बायका खिडकीतून बघायच्या. नंतर बघायच्या बंद झाल्या, कारण मी बऱ्यापैकी मारायला लागले आणि मग बघण्यासारखं काही उरलं नाही.

क्लबाच्या भिंतीवर, बूट घालायच्या बाकासमोर, एक मोठा फोटो होता. हिमाचलातल्या एका जुन्या मैदानाचा. चहूबाजूंनी देवदार, मधे हिरवा उतार, त्यावर एवढंसं निशाण आणि मागे बर्फाचे डोंगर. दर शनिवारी नाड्या बांधताना आम्ही चौघं तो फोटो बघायचो आणि दर शनिवारी कुणीतरी म्हणायचं, रिटायर झालो की इथे एक राउंड.

सगळे रिटायर झाले. कुणी काही बोललं नाही. मग परवाच्या हिवाळ्यात डॉक्टरने माझा उजवा गुडघा बघून सांगितलं की पावसाळ्यानंतर बदलून टाकू, आणि डोंगरात चढउतार करून चालायचं काही मनात असेल तर ते आधी उरकून घ्या, नंतर तसं चालता येईल याची खात्री मी देत नाही. दवाखान्यातून बाहेर येऊन मी रिक्षात बसले आणि घरी पोचायच्या आधी आमच्या चौघांच्या ग्रुपवर लिहिलं, या मे महिन्यात हिमाचलात राउंड, कोण कोण येतंय. तिघांचे होकार आले. आणि गुडघ्याचंही मी लिहिलं होतं. हे मुद्दाम सांगतेय, कारण नंतर म्हणाले की आम्हाला कल्पना नव्हती.

पुढचं सगळं मी केलं. मला आवडतं ते. मे महिन्याचा शेवट धरला, कारण तोवर तिथली थंडी ओसरलेली असते आणि पाऊस सुरू झालेला नसतो. सकाळची वेळ मागितली, कारण दुपारनंतर डोंगरात ढग उतरतात आणि चेंडू कुठे गेला ते दिसत नाही. काठ्यांच्या लांब पिशव्या विमानात कशा न्यायच्या, खालून वर गाडी कोणती, त्या तिघांच्या बायकाही येणार तर गेस्ट हाउस कुठलं, काठ्या वाहणारे कॅडी सांगून ठेवायचे का, सगळं विचारलं. उंचावर हवा विरळ, चेंडू लांब जातो, म्हणून नेहमीपेक्षा एक नंबर हलकी काठी घ्यायची, हेसुद्धा मी त्या तिघांना लिहून पाठवलं. तिघांकडून अंगठे आले. वर केलेले अंगठे. आमच्या ग्रुपचं कामकाज असंच चालतं. मी परिच्छेद लिहिते, त्यावर अंगठे येतात.

एक अडचण होती. त्या मैदानावर हंगामात बाहेरच्यांना सरळ प्रवेश नाही. त्यांच्याशी जोडलेल्या एखाद्या क्लबाचा सभासद हवा. तो आपल्याबरोबर तीन पाहुणे आणू शकतो. आमचा आसामचा क्लब त्यांच्याशी जोडलेला निघाला. आणि आम्हा चौघांत त्या क्लबाची सभासद उरले होते फक्त मी. त्या तिघांनी बदली झाल्या झाल्या नावं काढून टाकली होती. तेव्हा मला बरं वाटलं होतं. म्हटलं, चला, माझी वर्गणी सगळ्यांच्या उपयोगी पडली.

मग मी तिथल्या सेक्रेटरीला चौघांची नावं कळवली, यादी ग्रुपवरही टाकली. पहिलं साहेबांचं, दुसरं अकाउंट्सवाल्यांचं, तिसरं ठाणेकराचं, चौथं माझं. आमच्या कंपनीत नावं अशीच लिहितात, सिनियॉरिटीप्रमाणे. सर्क्युलर असो, मीटिंगमधल्या खुर्च्या असोत, निरोपसमारंभातले समोसे असोत, सगळं त्याच क्रमाने. ठाणेकर आणि मी एका दिवशी लागलो, पण निवडयादीत तो माझ्या एक नंबर वर होता, म्हणून तीस वर्षं प्रत्येक कागदावर तो माझ्या वर. बुकिंग माझ्या सभासदत्वावर, धावपळ माझी, गुडघा माझा. तरी बोटं आपोआप साहेबांच्या नावाकडे गेली. मला त्यात काही वावगं दिसलंसुद्धा नाही.

जायला तीन-चार आठवडे राहिले असताना साहेबांचा फोन आला. मी भाजी निवडत होते. म्हणाले, एक छोटीशी अ‍ॅडजस्टमेंट करायचीय. त्यांच्या मुलीचं लग्न हिवाळ्यात झालं होतं, सासरचे नाशिकचे, मोठे कारखानदार. तर त्यांचे व्याही गोल्फ खेळतात, आणि बोलता बोलता साहेबांनी त्यांना आमच्या बेताविषयी सांगितलं, आणि व्याही म्हणाले की वा, आम्हालाही न्या की. आता मुलीच्या सासऱ्याला नाही कसं म्हणायचं.

मी म्हटलं, सर, चौघंच जातात आणि हंगामात आपल्याला दुसरा गट मिळणार नाही, मी विचारलं होतं.

"तेच तर," साहेब म्हणाले. "म्हणून मी बघितलं, शेवटचं नाव तुझं आहे, मग सोपंच झालं. तू ये गं, तू यायचंच आहेस. आमच्याबरोबर चाल, हवा खा, फोटो काढ. नाहीतर मिसेस लोकांची गाडी बाजारात जाणार आहे, त्यांच्याबरोबर जा. तुझ्याशिवाय सगळं मॅनेज कोण करणार?"

आवाजात जराही वाईटपणा नव्हता. तेच मला जास्त लागलं. एखाद्याने खुर्ची ओढून घेतली तर भांडता येतं. यांनी खुर्ची ओढून घेतली आणि उभं राहून चहाचं बघशील ना, असं प्रेमाने विचारलं.

आणि मी काय म्हटलं? मी म्हटलं, "बरं, सर."

फोन ठेवला आणि गवारीच्या शेंगा मोडत बसले. पाच मिनिटांत ग्रुपवर साहेबांचा मेसेज आला, थोडासा बदल आहे, माझे व्याही चौथे असतील, मॅडम आपल्यासोबत असतीलच. त्याच्या खाली अकाउंट्सवाल्यांचं 'चालेल'. त्याच्या खाली ठाणेकराचा अंगठा. पावसापाण्यात माझ्याबरोबर चिखल तुडवलेला माणूस, माझ्या लग्नात जेवण वाढायला उभा राहिलेला. अंगठा.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो चांगला माणूस आहे, पण त्याला भांडणाचा कंटाळा आहे, आपल्या आणि दुसऱ्याच्याही. म्हणाला, जाऊ दे ना, तेवढाच गुडघ्याला आराम. मी काठी घेतली आणि गच्चीवर गेले. किती वेळ मारत होते मला माहीत नाही. अंधार पडला, चेअरमन वर येऊन गच्चीचा दिवा लावून गेले. शेवटी एक चेंडू परत आलाच नाही. जाऊन बघितलं तर जाळ्याला मुठीएवढं भोक पडलं होतं आणि चेंडू पलीकडच्या टाकीखाली.

दुसऱ्या दिवशी जाळं गुंडाळून मी राईला गेले. आमचं जुनं घर भावाने विकलं. तिथे आता बिल्डिंग आहे, खाली मोबाइलचं दुकान आहे. आत्याचं घर मात्र अजून खाडीच्या बाजूला तसंच आहे. ती ओट्यावर बसून सुकट निवडत होती. तिने जाळं हातात घेतलं, भोकात मूठ घालून बघितली आणि विचारलं की असा कोणता मासा लागला तुला. मी तिला सगळं सांगितलं. तिला गोल्फ कळत नाही, कळून घ्यायची इच्छाही नाही. माझ्याकडे बघून चारचौघात हसायला मिळतं म्हणून ती मला जाळी देते.

"येवढ्याशा बॉलामागं चार मानसं चालतात?" ती म्हणाली.

"हो."

"आनि पाचव्याला जागा न्हाय?"

"नाही."

"मंग तुझी जागा त्याला दिली कोनी? त्या सायबाची हाय काय ती, द्यायला?"

मी म्हटलं, साहेबांची कशी असेल, बुकिंग माझ्या नावावर आहे.

आत्या हसायला लागली. चांगली खोकला येईपर्यंत हसली. आतून तिची सून पाणी घेऊन आली. "येवढी शिकलीस," आत्या म्हणाली, "आनि सोताच्या घरात दाराशी बसतेस व्हय गं?"

मला तिचाही राग आला. पण तिने सुई-दोरा मागवला आणि जाळं शिवायला घेतलं, आणि ते होईपर्यंत मी ओट्यावर बसून राहिले, आणि बसल्या बसल्या माझ्या डोक्यात ते लख्ख उभं राहिलं. साहेबांनी मला काढलं नव्हतं. मला काढायची सोय मी करून ठेवली होती. शेवटी माझं नाव मीच लिहिलं होतं. त्या सेक्रेटरीला सिनियॉरिटीशी काय देणंघेणं? त्याच्या नियमात सरळ लिहिलेलं होतं, मी दहा वेळा वाचलेलं: सभासद स्वतः खेळत असेल तरच त्याचे पाहुणे खेळतील. मी नाही तर कुणीच नाही. साहेब नाहीत, व्याही नाहीत, अंगठा नाही. आणि हे माहीत असून मी 'बरं, सर' म्हणून शेंगा मोडत बसले होते.

परतताना रिक्षा उत्तनच्या बसमागे अडकली तेवढ्या वेळात मी तिथूनच फोन लावला. घरी पोचेपर्यंत माझा राग विझेल आणि मी पुन्हा 'बरं' म्हणेन, याची मला भीती वाटली.

मी साहेबांना नियम सांगितला. ते म्हणाले, असं कसं, तू चालणार आहेसच की मैदानावर. मी म्हटलं, चालून भागत नाही सर, खेळावं लागतं. मग म्हणाले की तू बोलून बघ ना त्यांच्याशी, तुझं ऐकतात ते.

"मी बोलणार नाही, सर," मी म्हटलं. "मी खेळणार आहे. माझ्याबरोबर तिघं येऊ शकतात. कोण तिघं, ते तुम्ही ठरवा."

"अगं, व्याह्यांना मी शब्द दिलाय. मुलीचं सासर आहे ते. तू समजून घे."

"समजतं मला. मलाही सासर आहे. पण व्याह्यांचा मान करायचा तर तुमच्या जागेतून करा. माझ्या जागेतून नको."

रिक्षावाल्याने आरशातून माझ्याकडे बघितलं. साहेब म्हणाले की तू फार कडक बोलायला लागलीस, पूर्वी अशी नव्हतीस. मी म्हटलं, पूर्वीच अशी असते तर बरं झालं असतं, तुम्हालाही सवय झाली असती. त्यांनी फोन ठेवला.

नंतर बरेच दिवस ग्रुपवर कुणी काही लिहिलं नाही. गुड मॉर्निंगची फुलंही बंद झाली. मला वाटलं, संपलं, सगळे रद्द करणार आणि रद्द झाल्याचं खापर माझ्यावर. मी ठरवून टाकलं की एकटी जाईन. सेक्रेटरीला विचारून ठेवलं, एकटीला खेळू द्याल का. ते म्हणाले, या की, कुणाबरोबर तरी जोडून देऊ. आत्याने शिवलेली जागा जाळ्याच्या बाकी जागेपेक्षा घट्ट झाली होती. मी रोज नेम धरून तिथेच मारायची.

मग एका संध्याकाळी ठाणेकराचा फोन आला. म्हणाला, साहेब खेळत नाहीयेत, पाठ दुखतेय म्हणतात, नुसते चालतील आपल्याबरोबर. व्याही, अकाउंट्सवाले, तू आणि मी. म्हणजे सगळं छान झालं की.

मी विचारलं, "तो अंगठा कशासाठी होता?"

"कुठला अंगठा?"

"माझं नाव काढलं त्यावरचा."

"अगं, मी मेसेज नीट वाचलाच नव्हता."

"वाचला होतास."

मागे त्याच्याकडे टीव्ही चालू होता, तो त्याने बंद केला. मग म्हणाला, "वाचला होता."

मी म्हटलं, ठीक आहे, गरम कपडे घे, सकाळी तिथे गारठा असतो. आणि तुझी पिशवी तूच उचलायची, विमानतळावर माझ्या ट्रॉलीवर टाकायची नाही. तो हसला. मी हसले नाही.

साहेबांची पाठ दुखत नव्हती, हे मला माहीत होतं, ठाणेकराला माहीत होतं आणि बहुतेक व्याह्यांनाही माहीत होतं. मला त्याचं समाधान वाटायला हवं होतं, ते वाटेना. जो माणूस माझ्या दुखऱ्या गुडघ्यासाठी एक इंच सरकला नाही, तो व्याह्यासाठी क्षणात उठून उभा राहिला. म्हणजे जागा सोडता येत होती. पहिल्याच दिवशी सोडता आली असती. फक्त माझ्यासाठी सोडण्यासारखी ती कुणाला वाटली नव्हती.

त्याच रात्री मी सेक्रेटरीला नावं पुन्हा पाठवली. पहिलं माझं. मग अकाउंट्सवाले, मग ठाणेकर. व्याह्यांचं शेवटी, कारण ते आमच्या कंपनीत नव्हतेच, त्यांना सिनियॉरिटी कुठली.

मे महिन्याच्या शेवटी आम्ही गेलो. तो फोटो खोटा नव्हता. देवदार होते, उतार होता, निशाण होतं. बर्फ पहिल्या दिवशी ढगात होता, मग दिसला. पहिल्या टी-पाशी, म्हणजे जिथून पहिला चेंडू मारतात तिथे, उभ्या असलेल्या माणसाने हातातला कागद बघून माझं नाव पुकारलं, आडनावासकट, आणि मी पुढे गेले. व्याही सज्जन निघाले. त्यांना यातलं काहीच सांगितलेलं नव्हतं. वाटेत मला म्हणाले की तुमच्या पाहुणचारामुळे इथे येता आलं. मी मान हलवली. साहेब मागून चालत होते, गळ्यात कॅमेरा अडकवून.

गुडघा आता बदललाय. गच्चीवर अजून फार वेळ उभं राहता येत नाही, पण उभी राहते. साहेबांनी फोटो पुढे ग्रुपवर टाकले, पुष्कळ टाकले. सगळ्यांत व्याही मधोमध आहेत. मी कुठे कडेला, कुठे पाठमोरी. एका फोटोत तर मी नाहीच, फक्त माझी काठी दिसते, चौकटीच्या बाहेरून आत आलेली, वर गेलेली. त्यावर बाकी दोघांचे अंगठे आहेत. मी अजून काही टाकलेलं नाही.